वाचक विचारतात : ड्रेनेज लाइनमध्ये धूर का सोडतात?

ड्रेनेजच्या धूर-चाचणीबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. दोन अमेरिकेतली आहेत, कारण तिथे ही चाचणी गल्लोगल्ली होते. दोन आपल्याकडची आहेत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. पुढच्या आठवड्यात रस्त्यावरच्या ड्रेनेज लाइनमध्ये धूर सोडणार, अशी चिठ्ठी दाराला अडकवून गेले आहेत. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत, त्यांना दमा आहे. धूर घरात येईल का? त्या दिवशी बाहेर जावं का?

उत्तर : बाहेर जायलाच हवं असं नाही. पण चिठ्ठीवरच्या नंबरावर आजच फोन करा आणि घरात दम्याचा रुग्ण आहे हे सांगून ठेवा, म्हणजे पथक तुमच्या घरापाशी आल्यावर आधी कळवेल.

पथक मॅनहोलच्या तोंडावर इंजिनवर चालणारा मोठा पंखा बसवतं आणि लाइनचा तेवढाच तुकडा वाळूच्या पिशव्यांनी दोन्हीकडून अडवतं. इंजिनच्या गरम धुराड्यात खनिज तेलासारखा द्राव सोडला की दाट पांढरा धूर होतो. काही ठिकाणी द्रावाऐवजी धूरकांड्या पेटवतात. ड्रेनेजचा पाइप सहसा भरून वाहत नाही. पाण्यावरच्या मोकळ्या जागेतून धूर पुढे सरकतो आणि जिथे भोक, तडा किंवा चुकीची जोडणी असेल तिथून बाहेर येतो. पावसाचं पाणी मैलापाण्याच्या लाइनमध्ये कुठून शिरतं, ते यातून शोधायचं असतं. ते शिरलं की पाइप तुंबतात आणि मैलापाणी तळघरात किंवा ओढ्यात जातं. १९७२च्या क्लीन वॉटर अॅक्टनुसार असं मैलापाणी नदी-ओढ्यात सोडता येत नाही, म्हणून गावोगावच्या यंत्रणा हे काम हाती घेतात.

आता तुमच्या घराचं. प्रत्येक बेसिन, टब आणि फ्लोअर ड्रेनखाली ट्रॅप, म्हणजे पाइपचं पाणी धरून ठेवणारं वळण, असतो आणि त्यात साधारण दोन ते चार इंच पाणी कायम साठलेलं असतं. हे पाणी धूर अडवतं. मात्र जो ड्रेन महिनोन्‌महिने वापरात नाही, त्यातलं पाणी आटून जातं. तळघरातला फ्लोअर ड्रेन, पाहुण्यांचं बाथरूम, वॉशिंग मशीनमागचा उभा पाइप आणि युटिलिटी सिंक ही नेहमीची ठिकाणं. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी फ्लोअर ड्रेनमध्ये प्रत्येकी चार लिटर पाणी ओता, न वापरातल्या बेसिनचे नळ अर्धा मिनिट सोडा, कमोड एकदा फ्लश करा. जिथे पुन्हा लवकर पाणी पडणार नाही, तिथे वरून दोन चमचे खाद्यतेल टाकलं तर पाणी सावकाश आटतं.

मोकळ्यावर विरलेला हा धूर अपाय करत नाही, कपड्यांना-भिंतींना डाग पडत नाहीत, आणि खिडक्या उघडल्या की काही मिनिटांत निघून जातो. बंद खोलीत दाटला तर मात्र दमेकऱ्याला उबळ येऊ शकते. फोन करताना द्राव वापरणार की कांडी, हे विचारून घ्या. कांडीच्या धुरात जस्ताचे क्षार असू शकतात आणि तो जास्त झोंबतो. कांडी असेल तर त्या तासाभरासाठी सासूबाईंना शेजारच्या गल्लीतल्या ओळखीच्या घरी नेणं चांगलं.

तरीही घरात धूर दिसलाच तर खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, कोणत्या जागेतून आला ते लक्षात ठेवा आणि रस्त्यावरच्या पथकाला बोलवा. स्मोक अलार्म वाजू शकतो. अग्निशमन दलाला चाचणीची आधी खबर दिलेली असते, पण धूर चाचणीचाच आहे याबद्दल जराही शंका असेल तर सरळ ९११ फिरवा. ज्या वाटेने धूर आला त्या वाटेने ड्रेनेजचा गॅस एरवीही घरात येतो, फक्त दिसत नाही. म्हणून धूर गेला की विषय संपला असं समजू नका. तो ट्रॅप किंवा जोड प्लंबरकडून दुरुस्त करून घ्या.

छतावरच्या वेंट पाइपमधून, म्हणजे ड्रेनेजची हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपमधून, धूर निघाला तर घाबरू नका, तो निघायलाच हवा. तुमचं घर जुनं असेल तर कदाचित तिथून निघणार नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या जुन्या घरांत मुख्य पाइपवरच एक मोठा हाउस ट्रॅप असतो. तो धुराला घरातल्या पाइपांपर्यंत येऊच देत नाही.

प्रश्न : डॅलसजवळ घर आहे. चाचणीनंतर पत्र आलं : ‘लॉनमधल्या क्लीनआउटचं (पाइप साफ करायच्या तोंडाचं) झाकण तुटलं आहे, घराजवळच्या जमिनीतूनही धूर आला, दुरुस्ती करा.’ पाइप तर छान वाहतोय. खर्च आम्हीच का करायचा?

उत्तर : घरापासूनची जोडवाहिनी बहुतेक शहरांत घरमालकाची असते. हद्द नेमकी कुठे संपते हे शहरागणिक बदलतं, ते पत्रात किंवा शहराच्या नियमांत पाहा. पाइप नीट वाहतो याचा अर्थ आतलं बाहेर जातंय एवढाच. चाचणी उलट बाजू तपासते, बाहेरचं पाणी आत येतं का.

झाकणाचं काम सोपं आहे. लॉनमोअरच्या पात्याने ही झाकणं नेहमी फुटतात, आणि खोलगट जागेतल्या उघड्या चार इंची तोंडातून पावसात तळ्यासारखं पाणी आत जातं. पाइपचा व्यास मोजा, आटे आतून आहेत की बाहेरून ते बघा, तुटलेला तुकडा दुकानात बरोबर न्या. आटे खराब झाले असतील तर फुलणारा रबरी प्लग मिळतो. मधला नट आवळला की तो पाइपला घट्ट धरतो. झाकण जमिनीच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवा, म्हणजे पुन्हा पात्यात येणार नाही.

जमिनीतून आलेल्या धुरासाठी लगेच खोदायला घेऊ नका. धूर मातीतल्या भेगांतून वाट काढतो, त्यामुळे तो दिसला तिथेच पाइप फुटलाय असं नसतं. डॅलसकडची काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यात पाइपचे जोड निखळतात. आधी कॅमेरा घालून पाहणी करा, अंतर मोजून घ्या, मग तेवढीच जागा उकरा. दुरुस्तीनंतर फोटो आणि पावती पत्रावरच्या पत्त्यावर पाठवा, म्हणजे नोंद बंद होईल.

प्रश्न : पुण्यात आमची सात मजली सोसायटी आहे. काही फ्लॅटच्या बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. प्लंबर म्हणतो, ‘धूर सोडून बघू.’ राहत्या इमारतीत हे चालतं का?

उत्तर : चालतं. इमारतीच्या ड्रेनेजच्या भारतीय मानकात, आयएस १७४२मध्ये, ही चाचणी दिलेली आहे. सगळे ट्रॅप पाण्याने भरून २५ मिलिमीटर पाण्याच्या दाबाचा धूर १५ मिनिटं टिकवायचा. ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी असायला हवं, म्हणून एवढ्या दाबाने धूर धडधाकट ट्रॅप ओलांडू शकत नाही. ओलांडला तर दोष तिथे आहे.

पण आधी धुराविना होणारी तपासणी करा. त्यातच बरेचदा अर्ध्याहून अधिक वास जातो. नहाणी ट्रॅपची जाळी उचलून आतली वाटी जागेवर आहे का बघा. सफाईत ती काढतात आणि परत बसवत नाहीत, मग पाण्याचं कुलूपच राहत नाही. बेसिनखाली नुसता लवचिक पाइप जमिनीतल्या भोकात खुपसलेला असेल तर बॉटल ट्रॅप बसवा आणि भोकाभोवती रबरी रिंग घाला. वॉशिंग मशीनच्या आउटलेटचंही तेच. कमोडच्या मागचा जोड सिमेंटने भरलेला असेल तर त्याला पडलेली बारीक चीर हाताला लागत नाही, वास मात्र येतो. गच्चीवर जाऊन वेंट पाइपचं तोंड उघडं आहे ना, हेही बघा. कोणी ते बंद केलं असेल तर वरच्या मजल्यावर फ्लश होताच खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं.

एवढं करूनही वास राहिला तर धूर सोडा. आदल्या दिवशी प्रत्येक फ्लॅटला लेखी कळवा आणि अग्निशमन दलालाही सांगा. मानकात तेलकट चिंध्या किंवा डांबरी कागद यंत्राच्या बंद कोठीत जाळून केलेला धूर आहे. राहत्या घरांत तो नको, तो डोळ्यांना आणि घशाला फार झोंबतो. ग्लायकॉलच्या द्रावावर चालणारं धूरयंत्र वापरा. सर्वांत खालच्या इन्स्पेक्शन चेंबरमधून महापालिकेच्या लाइनकडे जाणारं तोंड फुगणाऱ्या प्लगने बंद करा आणि त्याच चेंबरमधून धूर आत सोडा. तोवर नळ, फ्लश सगळं बंद. गच्चीवरच्या वेंटमधून दाट धूर येऊ लागला की त्यावर ओलं गोणपाट घट्ट बांधा. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी इंग्रजी ‘यू’ आकारात धरून एक टोक लाइनला जोडलं, तर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजेच दाब. तो २५ मिलिमीटरवर ठेवा. डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा आणि धूर दिसेल तिथे खडूने खूण करा. चाचणी संपली की आधी गोणपाट सोडा, मग प्लग काढा. प्लग आतच राहिला तर तळमजल्यावर मैलापाणी उलटं येईल.

दोन गोष्टी कोणीही करू नयेत. चेंबरमध्ये पेटता कागद किंवा दिवाळीची धूरकांडी टाकू नका. तिथे मिथेन असू शकतो, आणि हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो. आणि चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. या चाचणीचं सगळं काम वरूनच होतं. २०१३च्या कायद्याने गटाराच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला बंदी आहे, तरी माणसं गुदमरून मरतात.

प्रश्न : ठाण्यात मोठ्या पावसात आमच्या तळमजल्याच्या संडासातून पाणी वर येतं. गच्चीचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेत अशी शंका आहे. धूर सोडून कळेल का?

उत्तर : कळेल, पण कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात खोलगट भागात पाणी साचून धुराची वाट बंद होते. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे रंग. गच्चीच्या पाइपात फ्लुरेसिनचा चिमूटभर हिरवा रंग आणि दोन बादल्या पाणी ओता, आणि ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून रंग येतो का बघा.

आला तर ती जोडणी तोडून पाइप पावसाळी गटारात न्या. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी होतं. माणशी रोज १३५ लिटर वापर आणि त्यातलं ८० टक्के गटारात, असं धरलं तर चौघांच्या घरातून दिवसाला ४३२ लिटर मैलापाणी निघतं. म्हणजे एका तासात त्या लाइनमध्ये एका घराचं अकरा दिवसांहून जास्तीचं पाणी येतं, आणि सगळ्यांत खालचं तोंड तुमच्या संडासाचं आहे. रंगाचा फोटो काढून सोसायटीच्या सभेत ठेवा, आणि काम मे महिना संपायच्या आत करून घ्या.