घरचे लग्नासाठी मागे लागले असताना अविवाहित बाईने कोणती कादंबरी वाचावी?

तुम्ही लिहिलंय की वय तेहतीस, नोकरी नाशिकला आणि दर रविवारी आईच्या फोनसोबत नवा बायोडेटा येतो. कादंबरी हवी, पण शेवटी कुणी राजबिंडा भेटून नायिकेचं भलं होतं, असली नको. ही अट वाचूनच उत्तर लिहायला बसले. मीही एकटीच राहते, तुमच्याहून बरीच मोठी आहे.

अनिता नायर यांची ‘लेडीज कूपे’ वाचा. मूळ इंग्रजी, २००१ सालची. नायिका अखिला, पंचेचाळीस वर्षांची, आयकर खात्यात कारकून, तमिळ ब्राह्मण घरातली. वडील अचानक गेले आणि त्यांच्या जागी ही नोकरीला लागली. दोन भावांचं शिक्षण झालं, त्यांची लग्नं झाली, धाकट्या पद्माचंही लग्न थाटात लागलं. मधल्या काळात ‘अखिलाचं काय?’ असं घरात एकदाही कुणी विचारलं नाही. आईनेसुद्धा नाही.

तुमच्या घरी स्थळांचा मारा चाललाय आणि मी स्थळंच न आलेल्या बाईची गोष्ट सुचवतेय, हे विचित्र वाटेल. पण पुढे बघा. हीच अखिला जेव्हा म्हणते की मी आता वेगळं घर करून एकटी राहणार, तेव्हा तिच्या पगारावर संसार चालवणाऱ्या पद्माला लगेच लोकलाज आठवते. बाईमाणूस एकटी कशी राहणार, भाऊ परवानगी देतील का? पंचेचाळिसाव्या वर्षी धाकट्या भावांची परवानगी! ‘लोक काय म्हणतील’ हे घराच्या सोयीप्रमाणे कसं जागं होतं आणि कसं झोपतं, ते इतकं नेमकं मी क्वचितच वाचलंय. आपल्याकडे विभावरी शिरूरकरांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट मांडली आणि केवढा गहजब झाला. त्या कथाही जमलं तर वाचा, भाषा जुनी आहे पण झोंबते.

कादंबरीत मला सगळ्यात आवडतं ते अंडं. ऑफिसातली अँग्लो-इंडियन मैत्रीण डब्यात उकडलेलं अंडं आणते आणि सोवळ्या घरातली अखिला ते चाखते. तिला ते आवडतं. एवढंच. भाषण नाही, घोषणा नाही. इतकी वर्षं घरासाठी कमावलं, पण स्वतःला काय आवडतं हे हिने कधी तपासलंच नव्हतं, हे त्या एका घासात कळतं. पुढे कर्पगम ही शाळेतली मैत्रीण भेटते. विधवा, पण कुंकू लावते, रंगीत साड्या नेसते. अखिलाला एकटं राहायचं बळ तिच्याकडून मिळतं.

मग अखिला कन्याकुमारीचं तिकीट काढते. बायकांच्या डब्यात सोबत पाच जणी. बाई एकटी राहू शकते का, हा तिचा प्रश्न आणि रात्रभरात प्रत्येक जण उत्तर म्हणून स्वतःची गोष्ट सांगते. मार्गारेटची तर भन्नाट आहे: घमेंडखोर मुख्याध्यापक नवऱ्याला ती चमचमीत, तेलकट खायला घालघालून लठ्ठ करते आणि त्याचा तोरा उतरवते. मारिकोळंदूची गोष्ट मात्र फार जड आहे, बलात्काराचा प्रसंग आहे. झोपण्यापूर्वी वाचू नका.

शेवट सगळ्यांना पटत नाही. समुद्रकिनारी अखिला एका अनोळखी तरुणाच्या जवळ जाते, तो भाग मला घाईत उरकल्यासारखा वाटला. पण ‘मला पुरुष नकोच’ असंही ती म्हणत नाही, आणि हे मला प्रामाणिक वाटतं. वयाने लहान असलेल्या प्रियकराला, हरीला, लोकांच्या धाकाने तिने पूर्वी दूर केलं होतं, ती सल राहतेच. आधी स्वतःचं घर, मग बाकीचं बघू, असा तिचा हिशोब.

आईलाही वाचायला द्यायची असेल तर डब्यातल्या जानकीच्या गोष्टीपासून द्या. आयुष्यभर नवऱ्याने फुलासारखी जपलेली म्हातारी आहे, आई नाही म्हणणार नाही. मार्गारेटची पानं मात्र तेव्हा तुमच्याकडेच ठेवा.