ॲपवरून गाडी केली आणि चालकाने रस्ता बदलला, तर भाडं वाढतं का? (सातारा–पुणे, सातारा–महाबळेश्वर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून पुणे विमानतळाला ॲपवरून गाडी केली, बुक करताना एक आकडा दिसला आणि उतरताना दुसराच निघाला. चालकाने कात्रजपासून मॅपपेक्षा वेगळा रस्ता धरला होता. तर वाढ रस्त्यामुळे झाली का, आणि पुढच्या आठवड्यात महाबळेश्वरला जाताना मेढ्याच्या रस्त्याने चला म्हणून आधीच सांगावं का?

मी साताऱ्यातच गाडी चालवतो, पिवळ्या पाटीची. ॲपच्या ड्युट्याही करतो, ओळखीच्या लोकांची भाडीही मारतो. त्यामुळे हिशेब दोन्हीकडून माहीत आहे.

आधी बिल उघडा आणि भाडं कसलं होतं ते बघा. बुक करतानाच एक ठरलेला आकडा दाखवला असेल, तर तो ॲपने मनात एक रस्ता धरून काढलेला असतो: त्या रस्त्याचे किलोमीटर, लागणारा अंदाजे वेळ, वाटेतले टोल आणि त्या घडीला गाड्यांना असलेली मागणी. अशा भाड्यात चालकाने चौक टाळून गल्लीतून काढली म्हणून फरक पडत नाही. पण मध्ये कुठे थांबा वाढवलात, उतरायची जागा बदललीत किंवा रस्ता आणि वेळ अंदाजापेक्षा फारच लांबला, तर ॲप नव्याने आकडेमोड करतं. बुक करताना 'मान्य' म्हणून आपण ज्यावर बोट ठेवतो, त्या अटींत हे लिहिलेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे किलोमीटर आणि मिनिटांवर चालणारं भाडं. दाखवलेला आकडा तिथे नुसता अंदाज असतो आणि रस्त्याचा खरा प्रश्न तिथेच येतो.

आता तुमच्या कात्रजचंच घ्या. कात्रजहून लोहगावच्या विमानतळाला जायला एक तर स्वारगेट, पुणे स्टेशन, येरवडा असं शहरातून जायचं, नाहीतर कोंढव्यावरून हडपसर, खराडी असं बाहेरून. समजा दर किलोमीटरला १४ रुपये आणि मिनिटाला दीड रुपया आहे. शहरातून २० किलोमीटर आणि ७० मिनिटं धरली तर २८० अधिक १०५, म्हणजे ३८५ रुपये. बाहेरून २५ किलोमीटर आणि ५५ मिनिटं धरली तर ३५० अधिक साडेब्याऐंशी, म्हणजे ४३२ रुपये ५० पैसे. पंधरा मिनिटं वाचली, पण पैसे जास्त गेले. मॅप तुम्हाला वेळ वाचवणारा रस्ता पुढे करतो. तो स्वस्त असेलच असं नाही.

हिशेब लावायचा एक सोपा मार्ग सांगतो. किलोमीटरच्या दराला मिनिटाच्या दराने भागा. वरच्या दरांत उत्तर साधारण नऊ येतं. म्हणजे एक जादा किलोमीटर नऊ मिनिटांच्या खोळंब्याइतका पडतो. पाच किलोमीटरचा वळसा पैशात परवडायचा असेल, तर शहरातला जाम बाहेरच्या रस्त्यापेक्षा तुमचा निदान पाऊण तास तरी जास्त खाणार असला पाहिजे. संध्याकाळी स्वारगेटला तो खातोही. त्याच रस्त्याला ७० ऐवजी १०५ मिनिटं लागली, तर शहरातलं भाडं ४३७ रुपये ५० पैशांवर जातं आणि बाहेरचा रस्ता पाच रुपयांनी का होईना, स्वस्त ठरतो. म्हणून विमान पहाटेचं असेल तर शहरातून, संध्याकाळचं असेल तर बाहेरून, असं मी तरी करतो. कोंढव्याचा रस्ताही काही मोकळाढाकळा नाही, निघताना एकदा बघावंच लागतं.

चालकाने मुद्दाम फिरवलं का, हा तुमच्या मनातला दुसरा प्रश्न असणार. आमच्या धंद्यातलं सांगतो. भाडं किलोमीटरवर असेल तर लांबून न्यायचा मोह होतो. भाडं ठरलेलं असेल तर उलट. मग तोच चालक जवळची वाट शोधतो, टोल चुकवायला बघतो, कारण वाचलेलं डिझेल आणि वेळ त्याचा. ठरलेल्या भाड्यात गाडी लांबून गेली असेल, तर बहुतेकदा पुढे काहीतरी तुंबलेलं असतं. रिकामं पोट आणि भरलेला रस्ता कोणत्याच चालकाला आवडत नाही.

टोलकडे मात्र बारीक लक्ष द्या, कारण घोळ तिथेच जास्त होतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना आनेवाडी आणि खेड शिवापूर असे दोन नाके लागतात. फास्टॅग १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सक्तीचा झाला, तेव्हापासून टोल आमच्या खात्यातून परस्पर कापला जातो आणि तुमच्या बिलात वेगळ्या ओळीत येतो. २४ तासांत परत आलं तर दोन्ही वेळचा मिळून दीडपट टोल बसतो. आता एकेरी सोडून आलेल्या गाडीचा परतीचा टोल कोणी भरायचा? काही ठिकाणी तो भाड्यातच धरलेला असतो, काही ठिकाणी नसतो. चालक तो रोख मागायला लागला, तर भाड्याच्या तपशिलात बघा आणि मगच द्या. 'मित्र इतक्या कमी टोलमध्ये जातो' असं गिऱ्हाईक ऐकवतं, तेव्हा मला हसू येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ३००० रुपयांत सुरू झालेला वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा जो पास आहे, तो खासगी गाड्यांना. पिवळ्या पाटीला तो नाही.

टोल चुकवायचा म्हणून काही जण वाढे फाट्यावरून लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड करत हडपसरला उतरतात. दोन्ही नाके चुकतात हे खरं. हडपसर-मगरपट्ट्याकडेच जायचं असेल आणि भाडं ठरलेलं असेल, तर हा रस्ता वाईट नाही. पण किलोमीटर-मिनिटाच्या भाड्यात गावं, गतिरोधक आणि दिवे घाट मिळून जी मिनिटं चढतात, त्यात वाचलेला टोल जवळजवळ परत जातो. आणि माउलींची पालखी वाटेत असेल तेव्हा त्या रस्त्याचं नावही काढू नका.

जाऊन-येऊन गाडी करणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. जाण्या-येण्याच्या भाड्यात दिवसाचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, बहुतेक ठिकाणी २५० किंवा ३००. सातारा-पुणे जाऊन-येऊन २२० च्या आसपास भरतं. किमान ३०० असेल, तर ऐंशीएक किलोमीटरचे जादा पैसे तुम्ही आधीच मोजलेले आहेत. मग दहा किलोमीटरच्या वळशावरून चालकाशी हुज्जत घालण्यात काही अर्थ नाही, खुशाल मोकळ्या रस्त्याने चला म्हणा. फक्त किलोमीटर कुठून धरणार ते विचारून ठेवा: तुमच्या दारापासून, की गाडी तिच्या जागेवरून सुटल्यापासून. ॲपबाहेरच्या गाड्यांत बहुतेकदा दुसरा हिशेब चालतो.

पिन, म्हणजे ॲपच्या नकाशावरची तुमच्या जागेची खूण, हा आणखी एक खर्च. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उभं राहून गाडी बोलावणारे लोक पिन नीट ओढत नाहीत. ती महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला पडली, की मॅप मला पलीकडच्या सेवा रस्त्यावर नेतो. तिथून तुम्हाला घ्यायला पुलाखालून वळसा, मग फोनाफोनी, 'दादा मी पेट्रोल पंपाजवळ उभा आहे', आणि वेटिंगची मिनिटं सुरू. उतरायची पिन चुकीच्या बाजूला असेल तर तोच वळसा तुमच्या बिलात येतो. दोन बोटांनी नकाशा मोठा करून पिन आपल्याच बाजूला आणायला दहा सेकंद लागतात.

नियमांचंही सांगतो. केंद्राने जुलै २०२५ मध्ये ॲपवाल्या कंपन्यांसाठी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत घेता येईल असं त्यात आहे (२०२० मध्ये ही मर्यादा दीडपट होती). गाडी तुमच्यापर्यंत रिकामी येते त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, तुमचा प्रवास तीन किलोमीटरच्या आतला असेल तर गोष्ट वेगळी. आणि चालकाने ॲपमधल्याच रस्त्याने जायचं, सोडला तर कंपनीच्या कंट्रोल रूमला कळलं पाहिजे. त्यामुळे तुमच्या तक्रारीला आधार आहे. ट्रिपचा नकाशा ॲपमध्ये राहतो. बुक करतानाच्या आकड्याचा स्क्रीनशॉट असेल तर दोन्ही जोडून मदत विभागात टाका. टोलची चूकही त्या नकाशातच कळते: गाडी ज्या नाक्यावरून गेलीच नाही, त्याचा टोल लागलेला असेल तर तो परत मागा.

राहिलं महाबळेश्वर. वाईमार्गे जाताना आधी आनेवाडीचा टोल, मग पाचवडला वळून वाई, पसरणी घाट, पाचगणी. मेढ्यावरून केळघर घाटाने गेलात तर अंतर दहाएक किलोमीटरने कमी आणि आनेवाडीही चुकते. शनिवारी-रविवारी पाचगणीत गाड्यांची रांग लागते, तेव्हा मिनिटांतही मेढाच परवडतो. म्हणून हो, सांगाच, पण गाडीत बसल्यावर नाही. ॲपने बहुधा वाईचा रस्ता धरून आकडा काढलेला असेल, तर मेढ्याला थांबा टाकून भाडं पुन्हा बघा आणि कमी दिसलं तरच बुक करा. पाऊस जोरात असेल तर केळघरात दरडी येतात, त्या दिवशी चालक नको म्हणाला तर त्याचं ऐका आणि वाईवरून जा.