'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर'ला पहिला फिल्म न्वार (गुन्ह्याभोवती फिरणारा, काळोख्या दृश्यशैलीचा अमेरिकन चित्रपटप्रकार) का म्हणतात? त्यात दृश्यशैलीचं असं काय आहे?

मुख्य कारण छायाचित्रण. १९४० सालचा हा आरकेओ या हॉलिवूड स्टुडिओचा जेमतेम तासाभराचा, कमी खर्चातला चित्रपट. दिग्दर्शक बोरिस इंगस्टर, कॅमेरा निकोलस मुसुराका यांचा.

कथा साधी आहे. एका पत्रकाराच्या साक्षीवरून एका तरुणाला खुनासाठी दोषी ठरवतात. मग पत्रकाराच्या शेजाऱ्याचाही तसाच गळा चिरून खून होतो आणि संशय पत्रकारावरच येतो.

खरी जादू आहे ती स्वप्नाच्या प्रसंगात. पत्रकार स्वतःवरच खटला चाललेला पाहतो. अवाढव्य, जवळजवळ रिकामे सेट, तिरका कॅमेरा, भिंतींवर पसरलेल्या गजांच्या लांबच लांब सावल्या. १९२० च्या दशकातल्या जर्मन अभिव्यक्तिवादी (मनातली भीती वाकड्यातिकड्या सेटमधून आणि सावल्यांतून दाखवणाऱ्या) चित्रपटांची ही सरळ देणगी. प्रकाश एकाच बाजूने, कडक येतो आणि उरलेली चौकट काळोखात सोडलेली असते, त्यामुळे नायकाची अपराधी भावना संवादांशिवायच कळते. नेहमीच्या प्रसंगांतही जिन्याच्या कठड्यांच्या सावल्या माणसांवर पडत राहतात, ते मला स्वप्नाइतकंच आवडतं.

अभिनेता पीटर लॉरे पडद्यावर फार थोडा वेळ आहे, पण पांढरा मफलर घातलेला तो अनोळखी माणूस विसरता येत नाही.

'पहिला' या शब्दावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण १९४१ च्या 'द माल्टीज फाल्कन'पासून सुरुवात धरतात. दृश्यशैली हा निकष असेल तर माझं मत याच चित्रपटाला. मुसुराका यांनीच पुढे १९४७ मध्ये 'आउट ऑफ द पास्ट' चित्रित केला. तो यानंतर लगेच पाहा.