चाळांचा माईक

प्रिय मित्रा,

जाखडी, म्हणजे आपला कोकणातला रिंगणाचा नाच, बँडसोबत बसवतोयस त्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. ड्रमर म्हणतो शाहीर पळतो, शाहीर म्हणतो ड्रमर मागे ओढतो, आणि चूक कोणाची हे तू मला विचारतोस. चूक क्लिकची आहे, कानात वाजणाऱ्या त्या ठरलेल्या टकटकीची. जाखडीची लय एका जागी उभी राहत नाही. सुरुवातीच्या गणाला, गणपतीच्या स्तवनाला, पाय जेमतेम उचलतो, गवळणीला रिंगण मोकळं होतं, सवाल-जवाब रंगला की चढतच जातं. ही चढ नाचणाऱ्यांच्या पायातल्या चाळांतून, घुंगरांच्या माळांतून येते. मृदंग चाळांकडे बघून वाजतो आणि शाहीर मृदंगावर स्वार होतो. तू ड्रमरच्या कानात ठरलेली लय घातलीस, म्हणजे पायच तोडलेस.

तेव्हा ड्रमरच्या कानात क्लिकऐवजी चाळांचा माईक दे. रिंगणाच्या कडेला, जमिनीलगत दोन कंडेन्सर माईक ठेव. प्लायवूडचा मंच पाय आपटला की घुमतो, म्हणून त्या दोन चॅनेलवर 200 हर्ट्झखालचं सगळं काप. राहील फक्त घुंगरांची छमछम. कीबोर्डवाल्याला लूप हवाच असेल तर तो सलग चालू सोडायचा नाही. पॅडवर एकेक आवर्तन हाताने टाकायचं, पाय बघून.

दुसरं, रिंगण मोडून नाचणाऱ्यांना प्रेक्षकांसमोर रांगेत उभं केलंयस. का? प्रेक्षकांकडे पाठ होते म्हणून? अरे, ते रिंगण आहे, पाठ होणारच. शाहीर, मृदंग आणि झांज मध्ये बसतात, कारण तिथून त्यांना प्रत्येक पाय दिसतो. रांगेत उभे केलेस की मृदंगवाल्याला पाठी दिसतात, पाय नाही. मध्ये बसलेल्यांच्या माईकच्या वायरी प्लायवूडखालून काढ. वरून नेल्यास पहिल्याच फेरीत कोणीतरी अडकून पडेल. झांज शाहिराच्या माईकपासून निदान चार हात लांब बसव, नाहीतर शब्द ऐकू येणार नाहीत, आणि शक्ती-तुऱ्यात, दोन पक्षांच्या सवाल-जवाबात, शब्द गेले की उरलं काय?

गिटारवाल्याच्या सोयीसाठी शाहिराला काळी चार पट्टीवरून (जी शार्प) खाली उतरवू नकोस, त्याचा आवाज तिथेच खुलतो. कॅपो, तारा दाबणारा चिमटा, चौथ्या फ्रेटवर लावून ईचे आकार धर, काळी चार मिळते. मृदंगाची शाई, म्हणजे उजवं तोंड, दुपारी जुळवून ठेवलीस तर संध्याकाळच्या दमट खाऱ्या वाऱ्यात ती सैल पडेल. गण सुरू होण्याआधी वादीखालचे लाकडी गठ्ठे पुन्हा ठोकायचे. डाव्या तोंडाची कणीक दिव्यांच्या उष्णतेने सुकते आणि धूम, त्या तोंडाचा घुमारा, कोरडी होते. ओल्या फडक्यात भिजवलेली कणीक जवळ ठेव, मध्यंतरात बदल.

उघड्यावर भोंगा दहाला बंद करावा लागतो. रात्रभराचा खेळ दोन तासांत बसवायचा म्हणजे कापावं लागणारच. सवाल-जवाबाच्या बाऱ्या कमी कर, मधली कडवी कमी कर. गण राहू दे. शेवटचं कडवंही कापू नकोस. त्यात कवीचं आणि गुरूचं नाव असतं. तुझ्या यादीत तेच कापलेलं बघून मला राग आला. दुसऱ्याची चाल घ्यायची आणि त्याचं नाव गाळायचं? पोस्टरवरही शाहिराचं नाव बँडच्या नावाएवढ्याच अक्षरात हवं, आणि मानधन वाद्यवृंदाएवढं.

हे ऐकून मला जुनाट म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणोत. सिंथला, बास गिटारला माझा विरोध नव्हता आणि नाही. बास तर मृदंगाच्या धूमेखाली सुंदर बसतो, फक्त धूम पडते तिथे त्याने जागा सोडावी. पाय सुटला नाही तर हवं ते वाद्य आण. पाय सुटला की मंचावर कपडे तेवढे कोकणातले राहतात. एवढ्याचसाठी मी भांडतो, आणि पुढेही भांडेन.

रविवारच्या तालमीत क्लिक पूर्ण बंद ठेव. गणापासून सवाल-जवाबापर्यंत न थांबता घ्या. चाळांचा माईक वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करून मला पाठव. ड्रमर पहिली काही मिनिटं चाचपडेल, त्याला थांबवू नकोस.