तुमचे प्रश्न: बाळाला दूध बाधतंय का?

प्रश्न : माझी मुलगी नऊ आठवड्यांची, फक्त अंगावर पिते. जन्मली तेव्हा 2.8 किलो, आता 4.6. तिन्हीसांज झाली की पाय पोटाशी घेऊन रडत सुटते, गॅस होतो, शी हिरवट आणि फेसाळ, दिवसाला सात-आठ वेळा. चवथीला घर माणसांनी भरलेलं होतं, सगळ्यांनी बघून एकच सांगितलं की हिला तुझं दूध पचत नाही. शी तपासून आणली तर रिपोर्टमध्ये रिड्युसिंग शुगर (न पचलेली साखर) पॉझिटिव्ह, पीएच (आंबटपणाचं माप) 5.5. मी माझा चहा-दूध सगळं सोडलं, पाच-पाच मिनिटं घड्याळ लावून दोन्हीकडे पाजते तरी तेच. सासूबाई म्हणतात लॅक्टोज नसलेल्या पावडरच्या दुधाचा डबा आण. आणू का?
– एक आई, फोंडा

उत्तर : नका आणू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आधी दिसलं ते वजन, नऊ आठवड्यांत 1.8 किलो वाढलंय, दूध पचत नसतं तर हे झालंच नसतं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती तोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं. ते कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, गॅस आणि आम्ल तयार होतं, पाणी ओढलं जातं आणि शी पाण्यासारखी, फेसाळ, आंबूस वासाची होते, ढुंगण लालबुंद होतं. पण जन्मतःच लॅक्टेज नसणं फार म्हणजे फारच दुर्मिळ, अशा बाळाला पहिल्या काही दिवसांतच पाण्यासारखे जुलाब लागतात आणि ते सुकत जातं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत हे एन्झाइम थोडे दिवस कमी असू शकतं, तेही पुढे वाढतं. मोठ्या माणसांना दूध बाधतं ना, तो प्रकार लहानपणाची काही वर्षं गेल्यावर सुरू होतो, त्यामुळे घरात कुणाला दूध चालत नाही म्हणून बाळालाही चालत नसेल असं नसतं.

रिपोर्टनेही घाबरू नका. अंगावर पिणाऱ्या एवढ्याशा बाळाची शी आंबटच असते आणि तिच्यात थोडी साखर सापडते, बाळ छान वाढत असेल तर त्या एका कागदावरून काहीच ठरवता येत नाही. आणि तुमचा चहा-दूध सोडण्याने तुमच्या दुधातलं लॅक्टोज कमी होत नाही, आईने काहीही खाल्लं तरी ते 100 मिलीत साधारण 7 ग्रॅम असतंच, गायीच्या दुधापेक्षा जास्त. म्हणजे उगीच उपाशी राहताय तुम्ही, नीट जेवा.

मला शंका येते ती घड्याळाची. पाजायला घेतल्यावर सुरुवातीचं दूध पातळ, स्निग्धांश कमी, ते पोटातून भराभर पुढे सरकतं. पाच मिनिटांत बाजू बदलली की बाळाला हेच जास्त मिळतं, एकदम खूप लॅक्टोज आतड्यात येतं आणि फेस, हिरवट शी, गॅस हे सगळं होऊ शकतं. एका बाजूला ती आपणहून सोडेपर्यंत पिऊ द्या, ढेकर काढा, मग हवं असेल तर दुसरी बाजू. आठवडाभर करून बघा. संध्याकाळचं रडणं मात्र लगेच थांबेल असं नाही, ते दोन-तीन आठवड्यांच्या वयाला सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं ओसरतं. तोवर घरातल्यांनी आळीपाळीने तिला खांद्यावर घ्यावं, गुटी, ग्राइप वॉटर काही पाजू नये.

शीत रक्ताचे धागे, अंगावर चट्टे, सारखी उलटी असं काही दिसलं तर ती गायीच्या दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असू शकते. ते वेगळं दुखणं, त्यात लॅक्टोज काढलेल्या डब्याचा उपयोग नाही कारण प्रोटीन त्यात असतंच, तिथे आईच्या जेवणातून दूध बंद करायचं की नाही हे डॉक्टर सांगतात. आणि हिरवी उलटी, 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप, दिवसात सहापेक्षा कमी लंगोट ओले, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, पिणं सोडलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) किंवा जवळच्या हॉस्पिटलात न्या.

प्रश्न : मुलगा दहा महिन्यांचा. पावसात जुलाब-उलट्या झाल्या, आता बरा आहे, अंगावर पितो आणि पेज खातो. पण गायीचं दूध दिलं की परत पातळ आंबूस शी आणि ढुंगण लाल. कायमचं झालं का हे?
– एक आई, डिचोली

उत्तर : कायमचं नाही. लहान बाळांत खरं लॅक्टोज बाधताना दिसतं ते बहुतेक असंच, जुलाबानंतर. आतड्याचं वरचं अस्तर खरवडलं जातं, लॅक्टेज तिथेच असतं त्यामुळे ते कमी पडतं, अस्तर भरून आलं की काही आठवड्यांत परत येतं. अंगावरचं दूध अजिबात तोडू नका. गायीचं दूध बंद करा, तसंही एक वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून द्यायचं नसतं. पेज, मुगाचं वरण, केळं, नाचण्याचं तिझण (नाचणीची खीर) चालू ठेवा, थोडं दहीही बहुतेकांना सोसतं कारण विरजणात लॅक्टोज कमी होतं. शी पातळ होतेय तोवर ओआरएस, आणि जुलाबाच्या वेळी झिंक सुरू केलं असेल तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम असे 14 दिवस पूर्ण करायचे. दोन आठवड्यांनीही शी तशीच राहिली किंवा वजन अडलं तर बाळाला दाखवून आणा.