वर्षाला शंभर किलोमीटर चिखल, त्यासाठी चार लाख?

प्रश्न : माझ्याकडे 2019 ची इसुझू व्ही-क्रॉस, फोर बाय फोर पिकअप आहे. टायर कंपनीचेच, 255/60 आर18, आता घासलेत. वेल्ह्याकडे शेत आहे. डांबरी सोडली की तीन किलोमीटर कच्ची वाट, आणि पावसाळ्यात गाडी दोन ठिकाणी हमखास रुतते. महिन्याला चार फेऱ्या होतात, बाकी गाडी पुण्यात नि हायवेवर. गॅरेजवाल्याने चार इंच लिफ्ट (गाडी उचलणं), 33 इंची टायर, विंच (दोराने गाडी ओढून काढणारी मोटर), स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) आणि पुढे बुलबार (बंपरपुढची लोखंडी चौकट) असा चार लाखांचा अंदाज दिलाय. करून घेऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी हिशेब करा. पावसाळ्याचे चार महिने, महिन्याला चार फेऱ्या, जाऊन-येऊन सहा किलोमीटर. म्हणजे वर्षाला शंभर किलोमीटरही चिखल होत नाही. उरलेले हजारो किलोमीटर ते सगळं वजन हायवेवर वाहायचं.

तुमची गाडी रुतते ती बहुधा टायरमुळे. घासलेल्या हायवे टायरच्या खाचा तांबड्या मातीने भरल्या की चाक गुळगुळीत होतं. मग फोर-लो (फोर बाय फोरचा सगळ्यात जोरकस, हळू गिअर) टाकूनही चारही चाकं जागच्या जागी फिरतात. तेव्हा पहिला खर्च एटी, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांवर चालणाऱ्या ऑल-टेरेन टायरचा. मूळ आकारात मिळाले तर उत्तमच. नाहीतर 265/60 आर18 बघा. फॉर्च्युनरला हाच आकार असल्याने तो सहज मिळतो. उंची जेमतेम 12 मिलिमीटर वाढते. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि आकार बदलताय हे विमा कंपनीला आधी लेखी विचारा. चारही टायर एकदमच बदला. दोन नवे, दोन जुने असले की चाकांच्या घेरात फरक पडतो आणि फोर बाय फोरमध्ये कडक रस्त्यावर ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सला) ताण बसतो. स्टेपनी लहान असेल तर ती लावून फोर बाय फोर टाकू नका.

दुसरा खर्च बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि हवेचा गेज. चिखलाआधी हवा 20 पीएसआयवर आणा, वेग तिशीच्या आत ठेवा, स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबरीवर आलात की लगेच हवा भरा. दगडाने टायरची बाजूची भिंत चिरली तर पंक्चर किटने ती जुळत नाही, हे लक्षात असू द्या.

आता लिफ्ट. 33 इंची चाक मूळ चाकापेक्षा साडेसात सेंटिमीटर उंच. डिफरन्शियलखाली (दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याखाली) मिळतात त्यातले निम्मेच, पावणेचार. बदल्यात गिअरिंग दहा टक्के उंचावतं, तितका जोर चाकावर कमी पोचतो आणि मीटर 80 दाखवत असताना गाडी 88 ने धावते. चार इंच उचलल्यावर पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो. त्यावरचे रबर बूट फाटतात, ग्रीस उडतं, चिखल शिरतो आणि सीव्ही जॉइंट (शाफ्टचा सांधा) वाजायला लागतो. स्वस्तातला स्पेसर (स्प्रिंगवर बसवायची चकती) लावला तर चाक खाली लोंबायची जागा उलट कमीच होते. चाकोरी खोल होऊन गाडी पोटावर बसतच असेल, तर पुढे योग्य स्प्रिंग, मागे पाट्यात एक पान, असा दीड इंचापर्यंतचा बदल पुरे. त्यानंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन तपासायलाच हवा.

विंचला खेचायला समोर भक्कम झाड किंवा खुंटा लागतो. रुतायची ठिकाणं दोनच आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर असेल, तर कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या), फावडं आणि चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या एवढ्यावर भागतं. दोर चेसिसच्या हुकाला लावा. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नको. तो तुटला तर गोळीसारखा सुटतो.

ओढा ओलांडत नसाल तर स्नॉर्कल विसरा. ओलांडत असाल तर आधी डिफरन्शियलच्या ब्रीदरची (आतली हवा जायच्या-यायच्या छिद्राची) नळी वर आणून बांधा. काही शंभर रुपयांचं काम. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात गेलं की आत पाणी ओढतं आणि ऑइल दुधाळ होतं.

बुलबारवर केंद्राने डिसेंबर 2017 पासूनच बंदी घातली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही असा बदल केला तर कलम 182-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विम्याचा वाद होतो तो वेगळाच.

टायर, कॉम्प्रेसर, दोर धरून लाखाच्या आसपास काम उरकेल. उरलेल्या पैशातून त्या दोन जागी मुरूम आणि मोठी खडी टाका, पाणी काढायला चर खणा. गॅरेजवाला हे सुचवणार नाही.

प्रश्न : साधी टू-व्हील ड्राइव्ह पिकअप रिकामी असली की चढावर मागचं चाक फिरतं. उपाय?
– एक वाचक, माणगाव

उत्तर : रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर दीडशे किलो वाळूच्या गोण्या ठेवा आणि त्या बांधा. मोकळ्या असल्या तर ब्रेक लावताच केबिनवर येतात. माल भरताना मात्र उतरवायला विसरू नका.