‘चॅरिटी बेड फुल आहेत’ या तोंडी उत्तरानंतर

शिवडीच्या एका भगिनीने लिहिले आहे की, हृदयविकाराचा झटका आलेल्या पतीला मध्य मुंबईतील एका धर्मादाय रुग्णालयात रात्री नेले असता ५० हजार रुपये डिपॉझिट भरेपर्यंत दाखल करून घेतले गेले नाही, राखीव खाट मागितल्यावर ‘चॅरिटी बेड फुल आहेत’ एवढेच सांगण्यात आले, आणि आता स्टेंटसह ३ लाख ४० हजारांचे बिल भरल्याशिवाय डिस्चार्ज मिळणार नाही असे बजावले जात आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख १० हजार रुपये असून तहसीलदारांचा दाखला त्यांच्याजवळ आहे. उपचार पूर्ण मोफत व्हायला हवे होते का, असा त्यांचा प्रश्न आहे.

भगिनी, पूर्ण मोफत उपचारांचा हक्क आपल्याला मिळत नाही, हे आधीच स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यायच्या असतात. निर्धन गटाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, तर दुर्बल घटकाची ३ लाख ६० हजार रुपये असल्याने आपण दुसऱ्या गटात येता.

मात्र हा हक्क किरकोळ नाही. दुर्बल घटकातील रुग्णाचे बिल त्या रुग्णालयाच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने करावे लागते, आणि औषधे, वापरून टाकायचे साहित्य व स्टेंटसारखी शरीरात बसवायची उपकरणे यांची आकारणी छापील किमतीने न करता रुग्णालयाच्या खरेदी किमतीने करावी लागते. औषधे, साहित्य व अशी उपकरणे यांच्या बिलापैकी किमान निम्मी रक्कम आपण भरायची. उरलेल्या रकमेसाठी निर्धन रुग्ण निधी आहे, ज्यात रुग्णालयाला एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळी ठेवावी लागते. म्हणून आपले बिल आजच बाबवार मागा. स्टेंटची खरेदी पावती दाखवण्याचीही मागणी करा.

डिपॉझिटबाबत तर वादाला जागाच नाही: या दोन्ही गटांतील रुग्णांकडून दाखल करताना डिपॉझिट मागण्यास योजनेतच मनाई आहे, आणि तातडीच्या प्रसंगी जीव वाचवण्यासाठी लागणारे उपचार ताबडतोब सुरू करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. माणूस छातीत कळ घेऊन दारात असताना पावती आधी मागावी, याचा मला संताप येतो.

‘फुल’ हे उत्तर तोंडी राहू देऊ नका. त्या रात्री दोन्ही गटांच्या किती खाटा भरलेल्या होत्या, याचे लेखी उत्तर रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे मागा, दाखला जोडून सवलतीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्याच प्रती वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रारीसोबत सादर करा. राखीव खाटांविषयी रुग्णालयाने तेथे दिलेली माहिती माहिती अधिकाराखाली मागता येईल.

बिलाचा वाद निकालात निघेपर्यंत पतीला अडकवून ठेवण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. रक्कम दिवाणी मार्गाने वसूल करता येते, पण बरा झालेला रुग्ण रोखून ठेवणे हा बेकायदा अटकाव ठरू शकतो. असे झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि संपूर्ण रक्कम मान्य असल्याच्या कोणत्याही हमीपत्रावर सही करू नका. सही करणे भाग पडलेच, तर ‘रक्कम अमान्य, हरकत राखून’ असे स्वतःच्या हाताने लिहून मगच करा.